उशीखालचे पुस्तक

बंगळुरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आम्हा काही मराठी मंडळींची मल्लेश्वरमात दरमहा वाचनबैठक भरते. गेल्या खेपेस दोस्तोएव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ही कादंबरी चर्चेला होती. खुनाच्या प्रसंगापर्यंत सर्वांचे एकमत होते. सोनियाने बायबल हाती घेताच बैठकीत दोन तट पडले.

हे तट नवे नव्हेत. १८६६ साली ही कथा रशियन मासिकातून क्रमशः येत असता बायबलवाचनाचा तो प्रसंग संपादकांनीच लेखकाला पुन्हा लिहावयास लावला होता. दुसऱ्याच वर्षी पिसारेव्ह या टीकाकाराने खुनाचे मूळ नायकाच्या दारिद्र्यात शोधले, तर स्त्राखॉव्हला तीत शून्यवादी विचाराने ग्रासलेल्या जिवाची शोकांतिका दिसली. पुढे नाबोकोव्हसारख्या मर्मज्ञालाही खुनी आणि वेश्या यांना त्या ग्रंथापाशी एकत्र आणणे अभिरुचीला सोडून वाटले.

आमच्याकडील आक्षेपही त्याच जातीचा होता. खुनी कोण हे आरंभीच ठाऊक असूनही वाचकाचा श्वास रोखून धरणारी ही कथा अखेरीस प्रवचन होते, असे काहींचे म्हणणे पडले. एकाने बेळगावचे बाबा पदमनजी आणि त्यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी यांची आठवण दिली. ही तुलना उपयुक्त आहे, परंतु ती आक्षेपकांच्या बाजूची नाही. ‘यमुनापर्यटना’तील विधवांचे दुःख अस्सल आहे, मात्र त्याचे उत्तर लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. उलट रशियन कादंबरीत श्रद्धेचा प्रतिपक्ष पूर्ण बळानिशी बोलतो. चार दिवस थडग्यात राहून उठलेल्या लाजराची कथा सोनिया वाचते, तरी रस्कोल्निकॉव्ह त्या रात्री पालटत नाही. गुन्हा कबूल केल्यावर आठ वर्षांची सक्तमजुरी भोगावयास सैबेरियात गेल्यानंतरही, आपण चुकलो ते केवळ अपयशी ठरलो म्हणून, असेच तो दीर्घकाळ मानतो. कथा संपते तेव्हा शुभवर्तमान त्याच्या उशीखाली असते. तो ते हाती घेतो, पण उघडत नाही. ज्याला केवळ प्रचार करावयाचा आहे, तो लेखक येथे खचित थांबला नसता.

नदीकाठचे अंतिम परिवर्तन दोन-तीन पानांत उरकले आहे, हा आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. इतक्या खोल रोगाला इतका त्वरित उतार पटत नाही.

तरीही या कादंबरीचे मर्म धर्मांतरात नसून हिशेबात आहे, असे आम्हांस वाटते. एका खाणावळीत एक विद्यार्थी एका लष्करी अधिकाऱ्याला सांगत असतो की, एका निरुपयोगी सावकारिणीचा जीव घेऊन तिच्या पैशांत शेकडो जीव वाचवता येतील. रस्कोल्निकॉव्ह ते ऐकतो आणि हिशेब पुरा करावयास निघतो. पण ऐन वेळी म्हातारीची निरागस बहीण लिझाव्हेटा दारात येते, आणि कुऱ्हाड तिच्यावरही पडते. ती हिशेबात कोठेच नव्हती. सोनिया ज्या प्रतीतून लाजराची कथा वाचते, ती प्रत या लिझाव्हेटाचीच असते.

‘व्यापक हितास्तव’ हे शब्द लिहून कागदावर सही करण्यात आमच्यापैकी अनेकांची उमेद गेली आहे. त्या शब्दांत दरवेळी पाप असते असे नव्हे. रस्ते, धरणे त्यावाचून होत नाहीत. परंतु बैठकीत शेवटपर्यंत गप्प बसलेले, भूसंपादनाच्या कामात हयात घालवलेले एक सभासद उठता उठता म्हणाले की, आपल्या प्रत्येक फायलीत एखादी लिझाव्हेटा राहून गेली असावी. त्यांच्या या बोलण्यावर दोन्ही तटांना उत्तर सुचले नाही.

या कादंबरीचा शेवट पटण्यासाठी ख्रिस्ती असावे लागेल कदाचित. तिने अस्वस्थ होण्यासाठी ती अट नाही.