ज्ञानकोश : वर्तुळातले आणि वर्तुळाबाहेरचे

'ज्ञानकोश' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. पुष्कळ वाचलेल्या माणसाला 'चालताबोलता ज्ञानकोश' म्हणतो. मी वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. आमच्या वस्तीत जाणत्या माणसांची वाण नव्हती; परंतु त्यांपैकी कोणाला हे बिरुद लावल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणून हा शब्दच तपासणे मला आवश्यक वाटते.

'एन्सायक्लोपीडिया'चे मूळ ग्रीक आहे. वर्तुळ आणि शिक्षण या दोन कल्पना त्यात आहेत. सर्वसाधारण, सर्वांगीण शिक्षण असा त्याचा अर्थ. पण हे शिक्षण स्वतंत्र नागरिकांच्या मुलांसाठी होते, गुलामांसाठी नव्हते. मराठीत त्याचा 'कोश' झाला. कोश म्हणजे खजिना. वर्तुळाला परीघ असतो, खजिन्याला कुलूप असते. दोन्हीकडे प्रश्न एकच : आत कोण आणि बाहेर कोण?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ साली आमच्या शेजारच्या नागपुरात ज्ञानकोश मंडळ स्थापन केले आणि पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. हे कार्य प्रचंड आहे. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी जातिसंस्थेवर निबंध वाचत होता. त्यात त्याने याच केतकरांची जातीची व्याख्या तपासली. जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहाला बंदी ही दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, हे त्याने दाखवून दिले. केतकरांच्या अभ्यासाची थोरवीही मान्य केली. ज्ञानाशी कसे वागावे, याचा हा धडा आहे. पूजा नको, उलटतपासणी हवी.

आता आपला गावगाडा पाहू. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. कोणाचा बांध कुठवर, हे त्याला ठाऊक असे. म्हणजे गावाचा कोश गावकुसाबाहेर राहत होता! पोथी सांगणाऱ्याचे ते ज्ञान ठरले. कातडे कमावणाऱ्याचे मात्र जातीचे काम. फ्रान्समध्ये १७५१ पासून ज्ञानकोश काढणारा दिदेरो हा सुऱ्या-चाकू घडवणाऱ्याचा मुलगा. त्याच्या कोशात कारागिरांची हत्यारे चित्रांसह आली. आमच्या वर्ध्यातही १९३७ च्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. पण काही हात जन्मानेच त्या कामाला का जुंपले गेले, या प्रश्नाच्या मुळाशी तो विचार गेला, असे मला वाटत नाही.

याचा अर्थ जुन्या कामांचे गोडवे गावेत, असा नव्हे. ते ज्ञान वेठीतून आले होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले, ते उगाच नव्हे. हे ज्ञान नोंदवायचे तर त्याची किंमत कोणी मोजली, हेही नोंदवले पाहिजे.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. 'विश्व' हा शब्द तर 'ज्ञान'पेक्षाही मोठा! त्याला जागायचे असेल तर आम्ही केवळ नोंदीचा विषय असून भागणार नाही. नोंद लिहिणारे आणि तपासणारे हातही आमचे असले पाहिजेत.