चित्रपटातील विमानवाहू नौका : शौर्य किती, विज्ञान किती?

विमानवाहू नौकेवर लढाऊ जेट विमान कसे उतरते, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. वैमानिक फार धाडसी असतो, तो अचूक नेम धरून विमान खाली आणतो आणि चाके टेकताच इंजिन बंद करून करकचून ब्रेक लावतो, अशा धर्तीची उत्तरे हमखास येतात. यातले शेवटचे विधान वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. चाके डेकला टेकताक्षणी आजचा वैमानिक इंजिनाची ताकद कमी करत नाही, ती पूर्ण वाढवतो. असे का? हे कोडे चित्रपट पाहून सुटत नाही, आणि विद्यार्थ्यांची या विषयाशी ओळख तर प्रामुख्याने चित्रपटांतूनच होते. म्हणून अशा दोन गाजलेल्या चित्रपटांची विज्ञानाच्या अंगाने तपासणी करण्याचे आम्ही ठरवले.

पहिला चित्रपट 'द ब्रिजेस ॲट टोको-री'. जेम्स मिशनर यांच्या १९५३ सालच्या कादंबरीवरून मार्क रॉब्सन यांनी तो १९५४ मध्ये दिग्दर्शित केला. पार्श्वभूमी कोरियन युद्धाची आहे. दुसरा टोनी स्कॉट यांचा 'टॉप गन', १९८६ सालचा. चित्रपट म्हणून ते किती रंजक आहेत हा आमचा विषय नाही. डेकवर काय घडते आणि का घडते, हे पाहणाऱ्याला त्यांतून कळते का, एवढाच आमचा निकष आहे.

'टॉप गन'ची सुरुवात अनेकांना पाठ असेल. नारिंगी प्रकाश, डेकवर रेंगाळणारे पांढरे ढग, त्यांतून वावरणारी रंगीबेरंगी जर्सीतील माणसे आणि मग गर्जना करत झेपावणारी विमाने. दृश्य अप्रतिम आहे, आणि चित्रीकरण 'एंटरप्राइझ' या खऱ्या नौकेवर झालेले आहे. पण हे पांढरे ढग कसले? ते धुके नव्हे, इंजिनाचा धूरही नव्हे. ती वाफ आहे. डेकखाली दोन लांब नळकांडी असतात. त्यांतील दट्ट्यांना वाफेच्या दाबाने ढकलले जाते आणि ते दट्टे विमानाला पुढच्या चाकापाशी धरून ओढत नेतात. नळकांड्यांच्या वरच्या फटीतून निसटलेली वाफ डेकवर दिसते. या यंत्राला कॅटापुल्ट म्हणतात. चित्रपटातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाफ आहे, पण तिचे काम काय, हे संपूर्ण चित्रपटात कोठेही उमगत नाही.

थोडे गणित करू. कॅटापुल्टची धाव सुमारे ९० मीटर असते आणि तेवढ्यात विमान शून्यापासून ताशी सुमारे २६५ किलोमीटरपर्यंत, म्हणजे सेकंदाला ७३.६ मीटर वेगापर्यंत पोहोचते. v² = 2as या ओळखीच्या समीकरणाने त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ३० मीटर येते. ते गुरुत्व त्वरणाच्या तिप्पट आहे. वेळ लागतो अडीच सेकंद. या अडीच सेकंदांत वैमानिकाच्या कौशल्याला फारसा वाव नसतो. वाफेचा दाब त्या विमानाच्या वजनाप्रमाणे अचूक ठेवणारा, हिरव्या जर्सीतील कर्मचारी इथे निर्णायक ठरतो. दाब कमी पडला तर विमान थेट समुद्रात जाईल. चित्रपटात हा माणूस आहे, पण केवळ शोभेपुरता.

या चित्रीकरणाविषयी एक किस्सा सांगितला जातो. नौकेने दिशा बदलल्यामुळे हवा तसा प्रकाश मिळेना, तेव्हा दिग्दर्शकाने पंचवीस हजार डॉलरचा धनादेश लिहून देऊन नौका पुन्हा वळवून घेतली. किस्सा गमतीचा आहे, पण त्यात एक धडाही आहे. कॅमेऱ्याला सूर्य हवा असतो, विमानाला वारा! विमानाला पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा ठरावीक वेग लागतो. म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चालते.

वाऱ्याचा फायदा किती? समजा, वीस टन वजनाच्या विमानाला उतरताना हवेच्या सापेक्ष ताशी २४० किलोमीटर वेग राखावा लागतो. हवा स्थिर आणि नौका उभी असेल, तर डेकला टेकताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४.४ कोटी ज्यूल, म्हणजे विजेची साधारण बारा युनिट भरते. आता नौकेची गती आणि वारा मिळून डेकवर समोरून ताशी ४५ किलोमीटरचा वारा आहे असे धरू. डेकच्या सापेक्ष वेग १९५ किलोमीटर उरतो आणि ऊर्जा जवळजवळ आठ युनिटांवर येते. वेग एक-पंचमांशाहूनही कमी घटला, पण ऊर्जा एक-तृतीयांशाने घटली, कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे. वेगाचा वर्ग कशासाठी शिकायचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला देण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

आठ युनिट म्हणजे फार मोठी ऊर्जा नव्हे. अडचण आहे ती वेळेची. ही सगळी ऊर्जा सुमारे शंभर मीटरांत, चार सेकंदांच्या आत काढून घ्यायची असते. चाकांच्या ब्रेकचे हे काम नाही. विमानाच्या शेपटीखाली एक हूक असतो. तो डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकतो. दोराची टोके डेकखालच्या यंत्राला जोडलेली असतात. तेथे एक मोठा दट्ट्या द्रवाला अरुंद वाटेने रेटतो आणि विमानाची गतिज ऊर्जा अखेर द्रवाच्या उष्णतेत रूपांतरित होते. 'टॉप गन'मध्ये हूक आणि दोर दिसतात. डेकखालचे यंत्र नाही, आणि खरे काम तर तेच करते.

आता 'टोको-री'कडे वळू. बत्तीस वर्षांनी जुना असलेला हा चित्रपट संथ आहे, पण आमच्या निकषावर अधिक गुण मिळवतो. यातील नौकेचा डेक सरळ आहे. उतरणाऱ्या विमानाकडे तोंड करून एक अधिकारी दोन्ही हातांत रंगीत फळ्या घेऊन उभा असतो. विमान वर आहे की खाली, एका अंगाला झुकले आहे का, हे तो हातवाऱ्यांनी सांगतो. चित्रपटाने या माणसाला नाव, स्वभाव आणि मान दिला आहे. नायकाचा जीव या माणसाच्या नजरेवर अवलंबून आहे, हे प्रेक्षकाला स्पष्ट समजते. गोदीत शिरताना डेकवर बांधून ठेवलेल्या विमानांचे पंखे फिरवून अख्खी नौका वळवण्याचा प्रसंगही यात आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे असे भव्य प्रात्यक्षिक आम्ही अन्य चित्रपटात पाहिलेले नाही. इंजिनांवर ताण पडतो म्हणून विमानदलाचा प्रमुख त्याला विरोध करतो, हेही चित्रपट दाखवतो.

परंतु एक महत्त्वाची गोष्ट या चित्रपटातूनही निसटते. त्या काळी फळीवाला अधिकारी विशिष्ट खूण करी, आणि मग वैमानिक इंजिन मंद करून विमान डेकवर टाकत असे. दोर चुकले तर? सरळ डेकच्या पुढच्या भागात इतर विमाने आणि माणसे असत. त्यांना वाचवण्यासाठी मध्ये अडथळे उभारलेले असत. चुकलेले विमान त्या अडथळ्यावर आदळे, आणि कधी तो ओलांडून पलीकडेही जाई. जेट विमाने आल्यावर संकट वाढले. सेकंदाला ५४ मीटर वेगाने येणाऱ्या वैमानिकाला खूण पाहून हात हलवायला अर्धा सेकंद लागला, तरी विमान २७ मीटर पुढे गेलेले असते. आजच्या मोठ्या अमेरिकी नौकांवर दोन दोरांमधले अंतर सुमारे १२ मीटर आहे, यावरून अर्ध्या सेकंदाची किंमत कळेल.

हा चित्रपट तयार झाला त्या एका वर्षात, १९५४ मध्ये, अमेरिकी नौदल आणि मरीन दलाची मिळून ७७६ विमाने अपघातांत नष्ट झाली. ती सगळी नौकांवरची नव्हती, पण आकडा बोलका आहे. त्याच वर्षी २६ मे रोजी 'बेनिंग्टन' या नौकेवर कॅटापुल्टमधील तेलकट द्रवाचा स्फोट होऊन १०३ जण मृत्युमुखी पडले. चित्रपटाच्या अखेरीस ॲडमिरल अशी शूर माणसे येतात कोठून, याचे नवल करतो. आमच्या मते त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता : इतकी शूर माणसे खर्ची का पडावीत?

हा प्रश्न काही जणांनी विचारला होता. ब्रिटिश नौदलातील डेनिस कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये सुचवले, की उतरण्याची पट्टी नौकेच्या अक्षाशी काही अंशांनी तिरपी करावी. मग दोर चुकलेल्या विमानापुढे उभी विमाने नसतील, मोकळा समुद्र असेल. १९५२ मध्ये 'ट्रायम्फ' नौकेवर नुसत्या रंगाने तिरप्या रेषा आखून ही कल्पना तपासली गेली! कोड्याचे उत्तर इथे आहे. हूक दोरात अडकलाच नाही, तर पुन्हा उड्डाण करता यावे, म्हणून वैमानिक टेकताक्षणी पूर्ण ताकद लावतो. कॉलिन मिचेल यांनी वाफेचा कॅटापुल्ट विकसित केला. निकोलस गुडहार्ट यांनी फळीवाल्याच्या हातवाऱ्यांऐवजी आरशातील प्रतिमा वापरण्याची युक्ती काढली. त्यांनी ती टेबलावर एक आरसा, त्यावर लिपस्टिकची रेघ आणि एक बॅटरी घेऊन दाखवली, असे सांगतात.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. सपाट आरसा उभा ठेवून त्यावर कुंकवाची आडवी रेघ ओढावी. आरशापुढे एक मीटर अंतरावर, रेघेपेक्षा पाच सेंटिमीटर खाली, पेटवलेली बॅटरी आरशाकडे तोंड करून ठेवावी. विद्यार्थ्याने दुरून, बॅटरीची प्रतिमा सतत रेघेवर राहील असे पाहत पुढे यावे. नऊ मीटरवर त्याचा डोळा बॅटरीच्या पातळीपेक्षा ५० सेंटिमीटर वर असेल, तीन मीटरवर २० सेंटिमीटर. तो सुमारे तीन अंशांच्या सरळ उतारावरून खाली आलेला असतो. प्रतिमा रेघेच्या वर गेली तर डोळा फार वर आहे, खाली गेली तर फार खाली. समरूप त्रिकोणांनी हे सिद्ध करणे दहावीच्या विद्यार्थ्याला जमावे. 'टॉप गन'मध्ये रेडिओवर वैमानिकाला 'बॉल'विषयी विचारले जाते, तो बॉल म्हणजे याच युक्तीतील प्रकाशाचा ठिपका. पुढे आरशाची जागा फ्रेनेल भिंगांनी घेतली. चित्रपटात हा शब्द येतो आणि अर्थ न सांगताच निघून जातो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून मोठा आहे. 'टॉप गन'चा नायक नियम मोडतो, आणि त्याचे नियम मोडणे हेच त्याचे मोठेपण ठरते. आरंभीच तो इंधन कमी असताना स्वतःचे उतरणे सोडून देतो आणि घाबरलेल्या साथीदाराला आणायला परत जातो. माणुसकी म्हणून हे कोणालाही भावेल. पण इतिहास काय सांगतो? १९५४ नंतर अपघातांचे प्रमाण घसरत गेले, ते वैमानिक अधिक शूर झाले म्हणून नव्हे. तिरपा डेक, आरसा, पद्धतशीर प्रशिक्षण आणि १९६१ पासून अमेरिकी नौदलाने लागू केलेली एकसमान कार्यपद्धती, यांचा तो परिणाम होता. कंटाळवाण्या नियमावलीने जे जीव वाचवले, त्यांवर चित्रपट निघत नाही. आणि ही विमाने शेवटी बॉम्ब घेऊन कोठे जातात, खाली कोण असते, हे दोन्ही चित्रपट जवळजवळ विसरतात. वर्गात यंत्राचे कौतुक करताना शिक्षकांनी ते विसरू नये.

आपल्याकडील जुनी 'विक्रांत' याच संशोधनाचे फळ होती. १९५७ मध्ये अपूर्ण अवस्थेत विकत घेतलेली ही नौका तिरपा डेक आणि वाफेचा कॅटापुल्ट बसवून पूर्ण झाली व १९६१ मध्ये नौदलात आली. मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिल्यानंतर २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिच्यावरील सी हॉक जातीचे विमान गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. सहल गेल्यास त्याच्या शेपटीखालचा हूक विद्यार्थ्यांना शोधायला सांगावा. २०२२ मध्ये दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'वर कॅटापुल्ट नाही. तेथे विमान स्वतःच्या इंजिनाच्या बळावर वर वळलेल्या उतारावरून झेपावते, पण उतरताना दोर लागतातच.

दोन्ही चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवण्यास आमची हरकत नाही. मात्र आधी 'टोको-री' दाखवावा, मग 'टॉप गन'चा आरंभ. नंतर विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे : विमान सुखरूप उतरले त्याचे श्रेय ज्यांना द्यायला हवे, त्या सर्वांची यादी करा. यादीत वैमानिकाच्या जोडीला डेकखालच्या यंत्रावरचा कामगार, आरसा आणि तिरपी रेघ आली, तर चित्रपट पाहण्यात गेलेले तास सार्थकी लागले असे समजावे.