‘यकृत मंदावते’, पण कोणाचे?

गरोदरपण आणि औषधे या विषयावरील लोकप्रिय लेखांत एक वाक्य आम्हांला पुन्हा पुन्हा भेटते : ‘या काळात यकृत मंदावते, म्हणून औषधाचा अंमल वाढतो.’ वाक्य सुटसुटीत आहे. मुले ते पाठही करतील. आमची हरकत एवढीच, की कोणाचे यकृत आणि कोणते औषध, हे दोन्ही त्यात गाळलेले असते.

या विधानाला आधार सापडतो तो पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगांत. हेक्झोबार्बिटल हे गुंगीचे औषध टोचायचे आणि उंदीर किती वेळ झोपतो ते मोजायचे, ही जुनी पद्धत. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे हे औषध मोडतात. विकरे कमी, तर झोप लांब. मादी नरापेक्षा जास्त वेळ झोपते. गाभण मादीच्या यकृतात, दर ग्रॅममागे, ही विकरे आणखी कमी भरतात. इथवर ठीक. पण गाभणपणी यकृतच आकाराने वाढलेले असते! सबंध यकृताचा हिशेब केला, तर घट बरीचशी भरून निघते. लेखक मात्र पहिला आकडा उचलतात आणि एकक सोडून देतात. वर्गात एकक विसरलेल्या मुलाचे आपण गुण कापतो.

उंदरावरून माणसाकडे मारलेली उडी त्याहून धोक्याची. गरोदर स्त्रीच्या शरीरात काही विकरे मंदावतात, तर काही जोर धरतात. कॅफीन मोडणारे सीवायपी१ए२ मंदावते. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत चहा-कॉफीतले कॅफीन रक्तात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. उलट सीवायपी३ए४ची क्रिया वाढते. अपस्मारावरील लॅमोट्रिजिनला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर घालवणारे विकर वेगळेच, आणि त्याचे काम तर झपाट्याने वाढते. रक्तातली पातळी इतकी उतरू शकते, की नेहमीची मात्रा नियमित घेणाऱ्या स्त्रीलाही पुन्हा झटके येऊ लागतात. डॉक्टर अशा वेळी पातळी तपासून मात्रा वाढवतात आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा खाली आणतात. ‘यकृत मंदावते’ हे वाचून तिने आपल्याच मनाने गोळी अर्धी केली तर?

माणसांविषयीची ही माहिती उशिरा जमली, त्यालाही कारण आहे. मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांतून वगळावे, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये सांगितले. ते बंधन १९९३ मध्ये उठले. त्यामागे थॅलिडोमाइडचा धसका होता. या औषधाने सशांची पिले व्यंग घेऊन जन्मतात, पांढऱ्या उंदरांची सहसा नाही.