‘बांधला असावा’

परंड्याचा भुईकोट बहमनी वजीर महमूद गवान याने बांधला असावा. विजापूरची मुलूखमैदान तोफ आधी याच किल्ल्यात होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेली. परंड्यात किल्ला दाखवणारा जाणता माणूस ही वाक्यं एका दमात बोलून जाईल. पण तोफेबद्दल बोलताना ‘होती’, ‘नेली’ म्हणणारी जीभ गवानापाशी ‘असावा’वर येते. मला या ‘असावा’चं फार अप्रूप वाटतं.

‘असावा’ काढून तिथे दुसरं रूप ठेवून बघा. ‘बांधला असेल’ म्हटलं, की बोलणाऱ्याने अंग काढून घेतलं. असेल, आपल्याला काय. ‘बांधला असणार’ म्हटलं, की त्याची खात्री पटलेली आहे, वाद नको. ‘बांधला असलाच पाहिजे’मध्ये पुरावे मांडून निकाल दिला. ‘असावा’ यांच्या मधोमध उभा आहे. हाताशी काही खुणा आहेत, परंपरा तसं सांगते, पण पक्का कागद नाही, एवढं सगळं या तीन अक्षरांत मावतं. किल्ल्याचा इतिहास सांगताना यापेक्षा प्रामाणिक क्रियापद मला तरी माहीत नाही.

इंग्रजी याच कामासाठी मुख्य क्रियापदाआधी ‘माइट’, ‘मे’, ‘मस्ट’ असे छोटे शब्द, म्हणजे ‘मोडल’, लावते. ‘ही मे हॅव बिल्ट इट’ म्हणजे ‘बांधला असेल’. ‘ही मस्ट हॅव बिल्ट इट’ म्हणजे ‘बांधला असणार’. आपला ‘असावा’ या दोहोंच्या मधल्या पायरीवर आहे, आणि तिथे पोहोचायला इंग्रजीला बहुतेक वेळा ‘प्रॉबेबली’ची मदत घ्यावी लागते. ‘मस्ट’ची खरी गंमत नकारात आहे. ‘बांधला नसणार’ याचं इंग्रजी करताना मुलं ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडतात. इंग्रज मात्र इथे सहसा ‘कान्ट हॅव’ म्हणतो. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे ‘जाऊ नये’, आणि ‘जायची गरज नाही’ याला ‘नीड नॉट’. मराठीत ‘नसणार’, ‘नये’, ‘गरज नाही’ ही तीन वेगळी रूपं घरात रोज वापरणाऱ्या मुलाला हा फरक कानाने कळतो. तो त्याला कोणी दाखवत नाही, एवढंच.

आता ‘कॅन’. वर्गात याचा एकच अर्थ लिहून दिला जातो: ‘शकणे’. मग ‘आय कान्ट क्लाइंब’चं ‘मी चढू शकत नाही’ होतं आणि धडा पुढे सरकतो. किल्ल्याच्या बुरुजापाशी उभं राहून हे वाक्य मराठीत बोलून बघा. ज्याला चढायची सवयच नाही तो म्हणेल, ‘मला चढता येत नाही’. गुडघे धरलेली आजी म्हणेल, ‘माझ्याच्यानं आता चढवंना’. चढायला मनाई असेल तर म्हणू, ‘वर जाता येणार नाही’. पहिल्यात कसब नाही, दुसऱ्यात बळ नाही, तिसऱ्यात परवानगी नाही. आजीच्या ‘चढवंना’तला तो ‘व’ म्हणजे आपल्या व्याकरणातलं शक्य क्रियापद. त्यात माणूस कर्तेपणाचा दावा करत नाही. काम त्याच्याच्यानं होतं किंवा होत नाही. पडझड पाहून ‘बघवत नाही’ म्हणतो तेव्हा तर डोळे शाबूत असतात, सोसत नाही ते मनाला. हे सगळं ‘शकत नाही’त कोंबलं, की मराठीही सपाट होते आणि इंग्रजीही. जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चा अर्थ जाणणं, ठाऊक असणं असा होता. म्हणून ‘आय कॅन स्विम’ला ‘मला पोहता येतं’ हेच जवळचं.

सौजन्याचंही तसंच. ‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळी रूप, ‘वुड’ हे ‘विल’चं, मग ‘कुड यू हेल्प मी’मध्ये भूतकाळ कशाला, असं मुलं विचारतात. त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवावं: ‘सर, एक विचारायचं होतं.’ विचारायचं तर आत्ता आहे, पण ‘होतं’ म्हटल्याने मागणी एक पाऊल मागे सरते, समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. दोन्ही भाषांनी अदब दाखवायला भूतकाळच वापरावा, हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

बारावीच्या इंग्रजीत ‘कर्तव्य दाखवणारं मोडल वापरा’, ‘शक्यता दाखवणारं वापरा’ असे प्रश्न येतात. आपल्या शालेय व्याकरणातली विध्यर्थाची व्याख्या यासोबत ठेवून वाचा: कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा, तर्क. यादी जवळपास तीच आहे. इंग्रजी ज्यासाठी ‘शुड’, ‘मे’, ‘मस्ट’ असे वेगवेगळे शब्द ठेवते, त्यातलं पुष्कळसं काम मराठी ‘-वा, -वी, -वे’ या एका प्रत्ययाकडून करून घेते: ‘मुलांनी खरं बोलावं’, ‘देवा, पाऊस पडावा’, ‘तो घरी असावा’. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. त्या साच्यातल्या त्रुटी मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त तपासल्या. इंग्रजीच्या मदतीने मराठी समजून घेण्याचं काम असं दोन पिढ्यांनी केलं. मराठीच्या मदतीने इंग्रजी समजून घेण्याचं काम आपल्या वर्गांत अजून धड सुरू झालेलं नाही.

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. लातूर विभागीय मंडळाची परीक्षा देणारं परंड्याचं मूल बारावीपर्यंत इतकी वर्षं ही भाषा शिकतं, तरी ‘मस्ट’ म्हणजे ‘च पाहिजे’ आणि ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’ याच्या पलीकडे फारसं जात नाही. दोष मुलाचा नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मोडलचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एक तास मुलांना किल्ल्यावर न्या, ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘चढवंना’ ही रूपं त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मगच तक्ता काढा.