पोस्ट बंद झालं म्हणजे गाव संपलं का?

अमेरिकेतल्या नामशेष खेड्यांवरच्या नोंदी चाळल्यात तर एक साचा लगेच ओळखू येतो. पोस्ट ऑफिस अमुक साली उघडलं, अमुक साली बंद झालं, आता तिथे काही उरलेलं नाही. दोन तारखा मिळाल्या की गावाचा जन्म आणि मृत्यू लिहून मोकळं! हा साचा हौशी लेखनापुरता असता तर चाललं असतं, पण तो प्रबंधातही सहज शिरतो, म्हणून हा आक्षेप.

तारखा खोट्या नाहीत. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्या कामाच्याही आहेत. पण वही नेमणुकीची आहे, गावाची नव्हे. खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुतेकदा दुकानातला एक कोपरा. पोस्टमास्तर बदलला की पोस्ट दुसऱ्या दुकानात जायचं, कधी बरंच लांबही. नाव मात्र तेच.

त्यात १८९६ साली खेड्यांत टपाल घरपोच देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती कायमची सेवा झाली. १९०१ मध्ये देशात ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती, हा उच्चांक. पुढे हजारो छोटी पोस्टं बंद झाली. शेतकरी तिथेच, घरं तिथेच, फक्त पत्र दारात यायला लागलं. साच्याच्या हिशोबाने मात्र ही सगळी गावं 'मेली'.

आता उलट बाजू बघा. कॅन्ससमधलं निकोडेमस १८७७ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांनी वसवलं. त्यांच्यातलेच झेड. टी. फ्लेचर पहिले पोस्टमास्तर. १८८८ मध्ये रेल्वे गावाला टाळून सॉलोमन नदीच्या पलीकडून गेली आणि बरेच दुकानदार रुळांच्या बाजूला सरकले. गावावरचा सर्वांत मोठा घाव हाच, पण पोस्टाच्या दोन तारखांत तो दिसतच नाही, कारण पोस्ट १९५३ पर्यंत चालू होतं. बरं, १९५३ नंतर तरी गाव संपलं का? तिथे आजही मोजकी माणसं राहतात, आणि दर जुलैअखेर ठिकठिकाणचे वंशज मुक्तिदिन साजरा करायला जमतात. १९९६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. अशा गावापुढे 'नामशेष' लिहिणं म्हणजे या लोकांना त्यांच्याच गावात पाहुणं ठरवणं.

मग पोस्टाचे कागद टाकून द्यायचे का? अजिबात नाही. उलट नेमणुकीच्या वहीपेक्षा जागेच्या अहवालांत जास्त माल आहे. नदी, रेल्वे आणि शेजारची पोस्टं किती अंतरावर आहेत हे त्या छापील फॉर्मात भरून द्यावं लागे. पुष्कळदा सोबत नकाशाही काढलेला सापडतो. किती लोकांची सोय होईल हाही प्रश्न काही फॉर्मांत असे. तो आकडा जपून वापरा. तो भरणाऱ्याला पोस्ट हवं असायचं, त्यामुळे लोकसंख्या थोडी फुगवायला त्याला कारण होतं. जनगणना, जमिनीचे दाखले, शाळेची पटनोंद, दफनभूमीतले दगड यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय तो तक्त्यात घालू नका.