आंतरराष्ट्रीय नभोवाणी, प्रक्षेपण-हक्क आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा श्रोता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नभोवाणीच्या लहरीला सीमा नसते, हे विधान लघुलहरींच्या काळात अक्षरशः खरे होते. प्राणहितेच्या काठावरील सिरोंच्याचा तेलुगू भाषक असो वा मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेले पूर्व पाकिस्तानातील बंगाली निर्वासित असोत, साध्या ट्रान्झिस्टरवर परदेशी केंद्र लावताना त्यांचा पत्ता कुणी विचारत नसे. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण थांबले. लहरी गेल्या, इंटरनेट आहेच, असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

इंटरनेटवरील ध्वनिप्रवाह श्रोत्याच्या आयपी पत्त्यावरून त्याचा देश ओळखतो. बातम्या प्रसारण संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या असल्याने त्या सहसा अडत नाहीत. अडतात ती गाणी आणि क्रीडा-समालोचन. बीबीसीच्या 'टेस्ट मॅच स्पेशल'सारख्या कार्यक्रमाचे हक्क देशनिहाय विकले जात असल्याने ब्रिटनबाहेर त्याचा प्रवाह अनेकदा बंद ठेवावा लागतो. उलट दिशेनेही असेच घडते. 'ट्यूनइन' या सेवेविरुद्धच्या दाव्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला व २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो बहुतांशी कायम केला. दरम्यान, २०२० मध्येच या सेवेने ब्रिटनमधील श्रोत्यांसाठी परदेशी केंद्रे बंद केली होती. केवळ दुवा देणाऱ्यालाही परवाना लागतो, हा त्याचा अर्थ.

मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय :
कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ३१-ड घालण्यात आले. प्रसारण संस्थेने पूर्वसूचना द्यावी, ठरलेले स्वामित्वशुल्क भरावे आणि गाणे वाजवावे, अशी ती वैधानिक परवान्याची तरतूद. 'टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक' या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ही सवलत केवळ नभोवाणी व दूरचित्रवाणीपुरती असल्याचे ठरविले; खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच कायम केले. इंटरनेटलाही ती लागू आहे असे सांगणाऱ्या केंद्राच्या २०१६ च्या ज्ञापनाला न्यायालयाने कायद्याचे बळ मानले नाही. नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येणाऱ्या या दोन्ही जिल्ह्यांनाही हा निर्णय लागू होतो.

निकालाचा पहिला भाग पटण्यासारखा आहे. 'विंक' ही मागणीनुसार गाणे ऐकविणारी व उतरवून घेऊ देणारी सेवा होती. तिला 'प्रसारण' म्हणणे ओढूनताणून झाले असते आणि गीतकार-संगीतकारांचा मोबदला ठरविण्याची सौदाशक्तीही त्यातून गेली असती. परंतु न्यायालय तेथे थांबले नाही. तेच केंद्र, तोच क्षण, तेच गाणे, फक्त लहरीऐवजी तारेतून, अशा समांतर प्रसारणाचा प्रश्न वेगळा आहे. कायद्यातील प्रसारणाच्या व्याख्येत तारेद्वारे प्रक्षेपणाचाही समावेश आहे. असे असूनही, दर नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी वेगवेगळे ठरवावेत या उपकलमावर मुख्य भर देऊन तिसरे माध्यम वगळले गेले. दराच्या तरतुदीने व्याख्येवर मात केली, असे म्हणावे लागते. भारतीय केंद्रालाच हा मार्ग बंद असेल तर परदेशी केंद्राने काय करावे? प्रत्येक संगीत कंपनीशी स्वतंत्र करार करण्यापेक्षा भारताकडील प्रवाह बंद ठेवणे त्याला स्वस्त पडते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणात ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे म्हटले होते आणि श्रोत्याच्या माहिती मिळविण्याच्या हक्काचा त्याला आधार होता. (ते प्रकरणही क्रिकेटवरूनच उद्भवले, हे लक्षणीय.) विंक प्रकरण मात्र दोन कंपन्यांमधील व्यवहार म्हणून लढले गेले. त्यात श्रोता पक्षकार नव्हता. अतिदुर्गम वनक्षेत्रातील श्रोत्याकडून लघुलहरी काढून घेतल्या जात असताना त्याची बाजू मांडणारा कुणीच नव्हता.