एल्फिन्स्टन साहेबाचे न लिहिलेले प्रकरण

वसईचा किल्ला पाहायला पाहुणा आला की आम्ही वसईकर त्याला चिमाजी अप्पांची १७३९ सालची कथा सांगतो. पोर्तुगीजांकडून किल्ला घेतल्याचा तो पराक्रम सांगताना कुणाचाही ऊर भरून येतो. पण त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, ह्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्यांच्या सहा पलटणी पदरी बाळगण्याचे कबूल केले आणि खर्चापोटी सालीना सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. हे प्रकरण सांगायला आमची जीभ रेटत नाही.

हा तह घडवून आणणारा इंग्रजांचा वकील, म्हणजे पुण्याचा रेसिडेंट, बॅरी क्लोज. त्याच्या हाताखाली तेव्हा तेवीस वर्षांचा एक साहाय्यक होता: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मला ह्या माणसाकडे इतिहासकार म्हणून नव्हे, तर लेखक म्हणून पाहायचे आहे.

सोळाव्या वर्षी, १७९६ साली, तो हिंदुस्थानात आला. नागपूरला रेसिडेंट झाला, काबूलच्या राजाकडे वकिलात घेऊन गेला आणि १८११ मध्ये पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला. त्याने त्रिंबकजी डेंगळ्याला दोषी धरले आणि पेशव्याला तो हवाली करायला लावला. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्याबरोबर त्याची पुस्तकेही. वर्षभरात पेशवाई संपली. ज्या दरबारात वकील म्हणून बसायचे, त्याच दरबाराला ह्या माणसाने कुलूप घातले!

आता त्याचे लेखन पाहा. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने १८१९ साली अहवाल लिहिला. सरकारी कागद तो. पण त्यात पाटील आहे, कुलकर्णी आहे, वतने आहेत, पंचायत आहे. वरचे राज्य गेले तरी आपले गाव आपणच सांभाळू शकेल अशी आमची खेडी होती, हे त्याने ओळखले. पंचायतीतली दिरंगाई त्याने लपवली नाही, आणि तरीही ती मोडू नये असेच सांगितले. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांची व्यवस्था इतक्या अदबीने पाहावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मुंबईचा गव्हर्नर म्हणून आठ वर्षे काढून १८२७ मध्ये तो परत गेला. गव्हर्नर-जनरलचे पद त्याने नाकारले, तेही दोनदा. निवृत्तीत १८४१ साली त्याने हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊल न टाकता आमचा इतिहास लिहिला आणि आम्हाला रानटी ठरवले. एल्फिन्स्टनच्या पुस्तकात तो तोरा नाही. इथे एकतीस वर्षे काढलेल्या माणसाचा संयम त्यात आहे.

परंतु हा इतिहास थांबतो कुठे? पानिपतावर, १७६१ साली! ज्याने पेशवाई बुडताना डोळ्यांनी पाहिली, नव्हे बुडवायला हात लावला, त्याच्या ग्रंथात तिचा शेवट नाही. पुढच्या भागाचे अपुरे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १८८७ मध्ये, छापले गेले. तेही त्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. प्रकृती साथ देत नव्हती, हे खरे. पण १८२७ पासून १८५९ पर्यंत, मरेपर्यंत, बत्तीस वर्षे हाती होती. कारण काहीही असो, वाचक म्हणून मला ती रिकामी पाने खटकतात. परक्यांचा पराभव तटस्थपणे लिहिता येतो. जिथे आपलाच हात गुंतलेला असतो तिथे लेखणी जड होते. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे ठामपणे म्हणतो. इतिहासकार म्हणून तो मिलपेक्षा मोठा आहे यात शंका नाही. पण ह्या एका प्रकरणावाचून त्याचा ग्रंथ अधुरा आहे.

आणि हा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारून कसे चालेल? आम्हीही १७३९ पाशी थांबतोच की! शाळेत मी मुलांना दोन्ही साले फळ्यावर शेजारी शेजारी लिहून देतो. एक मूल हमखास विचारते, “गुरुजी, इतक्या थोड्या वर्षांत असे कसे झाले?” ह्याच प्रश्नाचे उत्तर एल्फिन्स्टनकडून हवे होते. त्याने दिले नाही. तेव्हा ते प्रकरण लिहिण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. ह्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन वसईचा किल्ला पाहायला आलात, तर चिमाजी अप्पांना नमस्कार जरूर करा. आणि मग त्यांना १८०२ ची गोष्टही सांगा.